जपानी भेंड्या : कराओकेचं गाणं आद्याक्षरावरून निवडताना

आपल्याकडून जपानला जाणाऱ्यांची संख्या हल्ली बरी आहे. कोणी इंटर्नशिपला, कोणी नोकरीला. जाण्याआधी ही मंडळी हिरागाना-काताकाना घोटतात, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं घ्यायचं ते शिकतात, कमरेत किती वाकायचं याचीसुद्धा प्रॅक्टिस करतात. कराओकेबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. आणि तिथे पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात गाठ पडते ती नेमकी त्याच्याशी. नव्या माणसाच्या स्वागताचं जेवण असतं, त्याला 'कान्गेइकाई' म्हणतात. जेवण आटोपलं की 'निजिकाई', म्हणजे दुसरी बैठक. ती बहुतेक वेळा कराओकेच्या खोलीत भरते. माइक फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. 'मला येत नाही' हे उत्तर एकदा चालतं. दुसऱ्यांदा दिलं की लोक हसून माइक पुढे सरकवतात, आणि मग कोणी आग्रह करत नाही. हे आग्रह न करणं फार वाईट. परदेशात दोन महिने काढायचे असतील तर त्याची किंमत रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर कळते.

मी ओकायामाजवळच्या एका कारखान्यात दोन महिने होतो. तिथे मला एक खेळ कळला. आपल्या गाण्याच्या भेंड्यांचा तो सख्खा मावसभाऊ आहे. गाणं आवडीवरून निवडायचं नाही, अक्षरावरून निवडायचं. होस्टेलमधल्या ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना जायचं नाही पण अक्षरांची गंमत आवडते त्यांच्यासाठीही, तो इथे नीट मांडतो.

आधी थोडी पूर्वपीठिका. 'कारा' म्हणजे रिकामा, आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं जपानी लघुरूप. गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद. नेगिशी शिगेइची यांनी १९६७ साली असं एक यंत्र बनवलं होतं. कोबे शहरातले इनोउए दाइसुके यांनी १९७१ मध्ये आपलं यंत्र बारना भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि प्रकार पसरला. इनोउए यांनी पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्यांना इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं, कारण लोकांना एकमेकांचं गाणं सहन करायला त्यांनी शिकवलं! स्वतंत्र खोली भाड्याने घेऊन गाण्याची पद्धत, म्हणजे 'कराओके बॉक्स', १९८५ च्या सुमारास ओकायामा भागात जुन्या मालवाहू कंटेनरमधून सुरू झाली असं सांगतात. (पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे, ती बाग याच ओकायामाची. तिकडून आपण बाग आणली, कंटेनर राहून गेला.) १९९२ पासून गाणी लेझर डिस्कऐवजी टेलिफोनच्या तारेवरून यायला लागली. पूर्ण ध्वनिमुद्रण पाठवायचं नाही, फक्त कुठला स्वर कधी आणि किती वेळ वाजवायचा याचा मिडी डेटा पाठवायचा, म्हणून त्या काळच्या लाइनवरही ते जमलं. गाण्यांची संख्या एकदम फुगली. मग त्यांच्या सूचीची पुस्तकं टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड झाली. आता त्या पुस्तकांची जागा 'देन्मोकु'सारख्या टचस्क्रीन पाट्यांनी घेतली आहे, आणि गाणी लाखांच्या घरात आहेत.

पुस्तक असो की पाटी, गाणी लावलेली असतात एकाच क्रमाने, आणि इथे आपल्या मराठी माणसाला चक्क घरचं कोणी भेटल्यासारखं होतं. त्या क्रमाला 'गोजूओन' म्हणतात, म्हणजे पन्नास ध्वनी. आज प्रत्यक्षात ४६ च उरलेत. स्वर पाच: अ, इ, उ, ए, ओ. पुढे दर ओळीत एक व्यंजन त्याच पाच स्वरांनिशी: का, कि, कु, के, को; सा, शि, सु, से, सो; असं खाली खाली. ओळींची पहिली अक्षरं तिथली पोरं एका दमात म्हणतात : अ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा.

आता हे सावकाश म्हणून बघा, आणि मग आपली बाराखडी म्हणा. अ इ उ ए ओ हा आपलाच क्रम आहे, फक्त दीर्घ आणि जोडस्वर गाळलेले. मग क. मग च-वर्गाच्या जागी सा. जुन्या जपानीत त्याचा उच्चार च किंवा त्स च्या जवळचा होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. मग त, आणि त-वर्गाच्या शेवटी जसा आपला न, तसा तिथे ना. पुढे प-वर्ग हवा, पण तिथे हा दिसतो. कारण सोपं आहे. आजचा हा हा पूर्वी पा होता. याचा पुरावा लिपीतच शिल्लक आहे : हा वर दोन छोट्या रेघा मारल्या की तो बा होतो. घ्वनी घोष केला की क चा ग होतो, त चा द होतो. ह चा ब कसा होईल? होतो तो प चा. प-वर्गाचं शेवटचं अक्षर म, तसा तिथे मा. आणि शेवटी य र व. ल गायब, कारण जपानीत र आणि ल वेगळे नाहीत.

हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत अक्षरं शिकत होते. कूकाई हा भिक्षू इ. स. ८०६ मध्ये चीनहून परतला तेव्हा सिद्धम् लिपीतलं साहित्य घेऊन आला. तिथल्या देवळांत ती अक्षरं आजही कोरलेली दिसतात. भिक्षूंनी आपल्या भाषेचे ध्वनी संस्कृत वर्णमालेच्या चौकटीत बसवले, आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तसे तक्ते हस्तलिखितांत सापडतात. म्हणजे क ख ग घ शिकलेल्या पोराला जपानी कराओकेची सूची उघडता येते. माझ्याबरोबरच्या इतर देशांच्या इंटर्न मुलांना 'मा आधी की ना आधी' हे दरवेळी आठवावं लागायचं. मला नाही लागलं. पहिलीतल्या बाईंची कृपा.

आता सूचीच्या खाचाखोचा. पहिली म्हणजे ग हा क मध्ये, झ हा स मध्ये, द हा त मध्ये आणि ब-प दोन्ही ह च्या घरात राहतात. रेघांना स्वतंत्र खोली नाही. दुसरी म्हणजे गाणं शोधायचं ते उच्चारावरून, चित्राक्षरावरून नाही. आकाश या अर्थाचं एक अगदी सोपं चित्राक्षर आहे. इशिकावा सायुरी यांचं 'अमागी गोए' (१९८६) त्यानेच सुरू होतं आणि बम्प ऑफ चिकन या बँडचं 'तेन्ताई कान्सोकु' (२००१) सुद्धा. पहिलं अ मध्ये, दुसरं ते मध्ये. डोळ्यांना दोन्ही शेजारी वाटतात, सूचीत मध्ये शेकडो पानं. तिसरी म्हणजे इंग्रजी शीर्षकं काताकानाच्या स्पेलिंगने लागतात. उताडा हिकारु यांचं 'फर्स्ट लव्ह' (१९९९) हा च्या घरात शोधाल तर मिळणार नाही. जपानीत 'फा' लिहिताना मोठा फु आणि त्याला चिकटून छोटा अ लिहितात, म्हणून ते फु मध्ये. प्रिन्सेस प्रिन्सेस या बँडच्या एका गाण्याचं शीर्षक फक्त एम हे अक्षर आहे. ते 'एमु' म्हणून ए मध्ये. हे आपल्याला पटकन पटतं, आपणही एम असंच लिहितो.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. आपल्या भेंड्यांत गाण्याची पहिली ओळ धरतात, तिथे शीर्षक धरतात. १९१४ सालचं 'फुरुसातो' हे शाळेतलं गाणं जपानमध्ये प्रत्येकाला येतं. शीर्षक फु ने सुरू, पहिली ओळ उ ने. पाटीवर पहिल्या ओळीवरून शोधायचीही सोय असते. पण खेळात शीर्षकच चालतं. हा मुद्दा बसायच्या आधी मिटवून घ्यावा, नाहीतर आपल्या मेसमध्ये 'धृपद चालेल का' यावर होतं तसलं भांडण होतं. फक्त तिथे ते आवाज न चढवता होतं.

खेळाचे प्रकार दोन. एक 'शिरितोरी'. शिरी म्हणजे शेपूट, तोरी म्हणजे पकडणं. आधीच्या शीर्षकाचं शेवटचं अक्षर पकडायचं. उदाहरण देतो. हितोतो यो यांचं 'हानामिझुकी' (२००४) कि वर संपलं. कि वरून सेन मासाओ यांचं 'कितागुनि नो हारु' (१९७७). ते रु वर संपलं. रु वरून तेराओ आकिरा यांचं 'रुबी नो युबिवा' (१९८१). वा वरून कोयानागी रुमिको यांचं 'वाताशि नो जोकामाची' (१९७१). चि वरून स्पिट्झ बँडचं 'चेरी' (१९९६). इथे शेवटचा स्वर लांबवलेला आहे, तेव्हा रि घ्यायचा की इ, हे आधी ठरवलेलं असावं. नियम एकच कडक : शीर्षक न् वर संपलं की तुम्ही बाद. जपानीत सुटा न् हे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याने एकही शब्द सुरू होत नाही. आपल्याकडे ळ आणि ण चं असंच आहे. पण आपण दयाळू. ळ आला तर ल घे, ण आला तर न घे. तिथे दया नाही.

दुसरा प्रकार मला जास्त आवडला. शिरितोरीत शेपूट बघत बसावं लागतं, यात फक्त डोकं. अ पासून क्रमाने निघायचं. पहिला माणूस अ चं गाणं म्हणणार, दुसरा इ चं, तिसरा उ चं. ४६ पैकी न् आणि 'ओ' हा प्रत्यय म्हणूनच वापरला जाणारा दुसरा ओ वगळायचे. उरतात ४४. एका गाण्याला साडेचार मिनिटं धरा, १९८ मिनिटं झाली, म्हणजे सव्वातीन तास. खोलीचं भाडं माणशी आणि अर्ध्या तासाच्या हिशेबाने असतं, तेव्हा हे गणित आधी करून ठेवलेलं बरं. दिवसा स्वस्त पडतं.

आता इंजिनिअरिंगवाल्यांनी जरा बसून विचार करण्यासारखी गोष्ट. कुठल्या खुर्चीवर बसावं? पाच माणसं असतील तर स्वर पाच आणि माणसं पाच, त्यामुळे मा च्या ओळीपर्यंत प्रत्येकाला तोच स्वर मिळत राहतो. तिसऱ्या माणसाच्या नशिबी उ, कु, सु, त्सु, नु, फु, मु. यात नु म्हणजे मरण. त्या अक्षराने सुरू होणारी गाणी इतकी थोडी आहेत की जपानी माणसंसुद्धा पाटी वरखाली करत बसतात. या च्या ओळीत तीनच अक्षरं असल्याने तिथून गाडी सरकते. सहा माणसं असली तर? नु हा तेविसावा, हे एकोणतिसावा, रु एक्केचाळिसावा. तिन्हींना सहाने भागा, बाकी पाच. म्हणजे सहा जणांत पाचवी खुर्ची सगळ्यात वाईट : ओ, सा, चि, नु, हे, मो, रु. मॉड्युलो अरिथमेटिकचा याहून उपयोगी वापर मी आमच्या सिलॅबसमध्ये पाहिलेला नाही.

रा च्या ओळीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. अस्सल जपानी शब्द र ने सुरूच होत नाहीत. शब्दाच्या मध्ये, शेवटी र खच्चून भरलेला, विशेषतः क्रियापदं तर रु वर संपण्यात पटाईत. म्हणून शिरितोरीत तुमच्यावर सतत रु येऊन आदळतो. पण सुरुवातीला र आला की समजावं, शब्द बाहेरून आलाय, एक तर चीनमधून नाहीतर युरोप-अमेरिकेतून. पाच अक्षरांची पाच प्रसिद्ध गाणी घ्या. रा : ओदा काझुमासा यांचं 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि' (१९९१). रि : नामिकी मिचिको यांचं 'रिंगो नो उता'. रु : वर आलेलं 'रुबी नो युबिवा', ज्याला १९८१ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. रे : योनेझु केन्शी यांचं 'रेमोन' (२०१८). रो : स्पिट्झचं 'रोबिन्सन' (१९९५). आता पहिले शब्द बघा. लव्ह, सफरचंद, रुबी, लेमन, रॉबिन्सन. चार इंग्रजीतून आणि 'रिंगो' हा सफरचंदाचा शब्द चिनीतून. भाषेचा अख्खा इतिहास कराओकेच्या एका ओळीत. आणि हेही लक्षात घ्या की 'रेमोन' आणि 'रोबिन्सन' दोन्ही न् वर संपतात. क्रमाच्या खेळात ती तुम्हाला तारतात, शिरितोरीत तीच बाद करतात.

'रिंगो नो उता' बद्दल दोन शब्द जास्त. युद्ध संपल्यावर लगेच, १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एका चित्रपटातलं हे गाणं, रेकॉर्ड १९४६ च्या जानेवारीत निघाली. शहरं जळालेली, खायला नाही, आणि गाणं सफरचंदाचं. म्हाताऱ्या माणसांना ते कुठल्या वेळेचं आहे हे सांगावं लागत नाही. चाल सोपी, चालणाऱ्या पावलांसारखी. मला चौथी खुर्ची मिळाली होती, म्हणजे ए, को, ता, नि, फु, मे, रि. त्यातला रि आला तेव्हा मी हेच लावलं. परदेशी पोरगा हे म्हणतोय म्हटल्यावर खोलीत टाळ्यांचा ठेका धरला गेला.

माझ्या शेजारी, पाचव्या खुर्चीवर, आमच्या लाइनवरचे साठीच्या घरातले मशिन ऑपरेटर बसले होते. कामावर ते माझ्याशी बोलत नसत. ड्रॉइंगवर बोट ठेवत, मापावर बोट ठेवत, संपलं. मी त्यांना 'सेन्पाई' म्हणायचो, ते मान हलवायचे. नु ला त्यांनी पास घेतला. हे ला हसले आणि माइक पुढे दिला. माझ्या रि नंतर त्यांना रु आला आणि त्यांनी चष्मा काढून ठेवून 'रुबी नो युबिवा' म्हटलं, पाटीकडे न बघता, पडद्याकडे न बघता. सगळे गप्प. नंतर कळलं की आमच्या सेक्शनच्या साहेबांचं हे ठरलेलं गाणं. अशा ठरलेल्या गाण्याला 'जूहाचिबान' म्हणतात, म्हणजे अठरावा क्रमांक. काबुकीतल्या इचिकावा घराण्याच्या अठरा निवडक नाटकांवरून हा शब्द आला. वरिष्ठाचं जूहाचिबान आपण म्हणू नये असा तिथला अलिखित नियम आहे. त्या ऑपरेटरनी तो आयुष्यभर पाळला असणार. पण अक्षर त्यांच्यावर आलं, त्याला कोण काय करणार! साहेबांनीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

माझ्या मते या खेळाचं मर्म इथेच आहे. निवड माणूस करत नाही, अक्षर करतं. त्यामुळे 'हे गाणं म्हणून मी आगाऊपणा केला का' हा प्रश्नच उरत नाही, आणि जपानात हा प्रश्न माणसाला फार छळतो. सोमवारी त्या सेन्पाईंनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली आणि टूल बदलताना हात कुठे ठेवायचा ते स्वतः करून दाखवलं. सांगायचं म्हटलं तर छोटी गोष्ट. पण त्या आधीचे तीन आठवडे मी मोजलेले आहेत.

आता तयारी कशी करायची? भाषा कच्ची आहे म्हणून घाबरू नका. पडद्यावर चित्राक्षरांच्या डोक्यावर छोट्या हिरागानात उच्चार छापलेला असतो. म्हणजे हिरागाना-काताकाना पक्की असली की बास, अर्थ नंतर बघू. शब्दांचा रंग चालीबरोबर बदलत जातो. इथे एक गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवावी : जपानीत प्रत्येक अक्षराला एक मात्रा, आणि सुट्या न् ला सुद्धा पूर्ण एक मात्रा. 'रेमोन' आपण दोन अक्षरांत उरकतो, तिथे रे-मो-न् असे तीन ठोके. 'रोबिन्सन' म्हणजे रो-बि-न्-सो-न्, पाच. शाळेत मात्रावृत्तं मोजली असतील तर आत्ता कामाला येतील. दीर्घ स्वर म्हणजे दोन मात्रा, हे दोन्हीकडे सारखंच.

४४ गाणी पाठ करायची गरज नाही. वहीत दहा ओळी आखा, प्रत्येक ओळीला एक संथ गाणं लिहा, आणि रा च्या ओळीला पाचच्या पाच. सगळे परदेशी लोक साकामोतो क्यू यांचं 'उए ओ मुइते अरुको' (१९६१) तयार करून जातात, कारण ते १९६३ मध्ये 'सुकियाकी' या नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. गाणं सुंदरच आहे, पण ते उ मध्ये आहे, आणि उ तुम्हाला मिळेलच असं नाही. डोरेमॉन बघत वाढलेल्यांनी हि साठी हाता मोतोहिरो यांचं 'हिमावारी नो याकुसोकु' (२०१४) ठेवावं, ते डोरेमॉनच्याच चित्रपटातलं आहे. मा साठी झार्ड यांचं 'माकेनाइदे' (१९९३), पण ते वेगात आहे, दम लागतो. पट्टी जमत नसेल तर पाटीवर 'की' वरखाली करायचं बटण आहे. ते दाबायला लाजू नये, सगळेच दाबतात.

आणि वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. तो दाराजवळ बसलेल्या ज्युनिअरने, म्हणजे बहुधा तुम्हीच, उचलायचा असतो. तेव्हा तक्त्यात आपण कुठे पोचलो आहोत ते बघा. या च्या पुढे गेला असाल तर वेळ पुरेल. हा मध्येच अडकला असाल तर बाकीच्यांकडे एकदा बघून घ्या आणि फोनवर म्हणा, 'एन्चो ओनेगाइशिमासु.' अर्धा तास वाढवून मिळतो.